दोन पायडलची गाडी

आसगाव, ता. पवनी
९ फेब्रुवारी २०२५

गाडी नेऊन वीस दिवस झाले आन तुह्याकडून एक ओळ नाही. नागपूरले गेलं का माणसाचे हात झडतात काय? तुही मामी रीना मनते, फोन येते संघपालचा. येत असन. मले त्याचं काय? माहे कान दिवाळीपासून गेले, जवळ येऊन ओरडलं त तेवढं समजते. फोन कानाले लावला का धानाची गिरणी सुरू झाल्यावानी घरघर. म्हून कागद लिहून राहिली. तिसरीपर्यंत शिकली, अक्षर वाकडं हाये, पण वाचता येते. तुले नाही आलं तर शिकलेल्या माणसाकडून वाचून घेजो.

जयभीम. आता कामाचं.

तुहा मामा पुन्हा खाटेवर पडला. तुले मालूम हाये, चिखल्याच्या खाणीत मॅंगनीजच्या ट्रकवर होता तेव्हा जॅक निसटला आन डावा पाय गुडघ्याखालून गेला. त्यावक्ती आठ महिने त्यानं खाट सोडली नव्हती. रीना अंगणवाडीत जाये, मी त्याच्या पुढ्यात ताट ठेवो आन तसंच उचलो. मग ही दोन पायडलची गाडी घेतली. क्लच नाही, डाव्या पायाचं कामच नाही. विनोद उठला. तीन वर्षं कोणाची बाळंतीण पवनीले न्यायची, विनोद. कोणाच्या पोरीची परीक्षा, विनोद. लोक त्याले नावानं हाक मारत होते. आता गाडी नाही त ज्याले त्याले पुन्हा 'लंगड्या' आठवला.

परवा मी मनलं, धानाच्या बांदीकडं चक्कर मारून ये. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मी ताट काढून घेतलं. भूक लागन त उठन, असं मले वाटलं. नाही उठला.

तुले आमी गिअरबॉक्स शिकायले पाठवलं होतं. आपल्या घरचाच गिअरबॉक्स आला त तू चूप. काय झालं त्याले, हे मले मराठीत समजावून लिहिजो. तुह्या कारखान्याच्या भाषेत नको.

धुरपता

०

नागपूर
१५ फेब्रुवारी २०२५

आजीस जयभीम.

तुझा राग पोचला. मागच्या आठवड्यातच गाडी खालून मोकळी केली, म्हणून लिहिले नव्हते. न पाहता काय लिहू?

मराठीतच सांगतो. साध्या गाडीत गिअर बदलायला माणूस पायाने क्लच दाबतो. या गाडीत ते काम आत बसलेल्या चकत्या करतात. एक लोखंडी, एक खरखरीत, अशा एकावर एक रचलेल्या. तेलाचा दाब आला की त्या एकमेकींना घट्ट धरतात आणि चाक फिरते. सगळा खेळ तेलाचा. तेल ढकलायला एक पंप आहे, तो इंजिन सुरू असेल तरच फिरतो. इंजिन बंद तर पंप बंद. पंप बंद तर आत सगळे कोरडे.

खालची परात खोलली. तेल लाल असायला पाहिजे, निघाले डांबरासारखे. वास असा की उस्ताद नाकाला रुमाल लावून बाजूला झाले. उस्ताद म्हणजे बाबूलाल, ज्यांच्या हाताखाली मी आहे. परातीत एक लोहचुंबक असतो, लोखंडाचा कीस धरून ठेवायला. त्यावर बोटभर काळा चिखल होता.

पण एक गोष्ट मला पटून नाही राहिली. दामटून चालवलेल्या गाडीत पहिले चकत्या जळतात. इथे चकत्या अर्ध्या धड आहेत, आणि मागचे बुश, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या पितळी कड्या, दातेरी चाकांचे खिळे, हे तापून निळे पडले आहेत. चालवणाऱ्याच्या हातून असे होत नाही. इंजिन बंद ठेवून चाके दूरवर फिरवली, तर होते. म्हणून विचारतो. गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा कोणी टोचन लावून, म्हणजे दोराने ओढून नेली होती काय? खालच्या हुकाचा रंगही खरडल्यासारखा दिसतो.

मामाला फोन केला. ते म्हणाले, "आजीले इचार. ते सांगन तेच खरं." एवढे बोलून ठेवला. मामी त्या दिवशी माहेरी होती, तिला माहीत नाही. म्हणून तुलाच विचारतो. खरे सांग. ओढली असेल तर आतले काम वेगळे करावे लागेल.

तुझा नातू,
संघपाल

०

आसगाव
२१ फेब्रुवारी २०२५

मी म्हातारी चोर हाये का, का हुकाचा रंग पाहून पंचनामा करतेस? गाडी सेकंडहँड. रंग पहिल्या मालकानं खरडला असन.

टोचन गिचन काही नाही लावलं. आंगनात गाडी सुरू नाही झाली, सेल मारला त नुसती टकटक. टेम्पोत चढवून भंडाऱ्याले नेली. तिथल्या इलेक्ट्रिकवाल्यानं डायनामो बदलला. वापस येता येता अड्याळच्या अलीकडं इंजिन बोंबलते आन गाडी जागची हालत नाही. तिथूनच तुह्याकडं पाठवली. एवढंच झालं.

खरं ऐकाचं असन त तुह्या मामानंच तिचा नास केला. दोन पायाचा ड्रायवर आन एका पायाचा, फरक पडनच. मी गावातल्या ललिताबाईले, गोदावरीबाईले, साऱ्याइले हेच सांगितलं. विनोदनं ऐकलं, तो काही बोलला नाही. खोटं असतं त बोलला नसता काय?

आता तो ताट पुढ्यात ठेवलं का दोन घास खाते. उठत नाही. नकली पाय खाटेखाली ठेवला हाये, त्याच्यापाशी मांजरीनं पिल्लं दिले त त्यानं काढूनही टाकले नाही. मीच काढले.

चौदा एप्रिलले जयंती. दरसाल विनोद गावच्या चार म्हाताऱ्याइले गाडीत बसवून पवनीच्या मिरवणुकीले नेते. साऱ्याइनं आतापासून इचारणं सुरू केलं. जयंतीच्या आधी गाडी आंगनात पाहिजे. त्या दिवशी तो उठला नाही त मंग उठत नाही, हे माहा मन मनते. एक दिवस उशीर नको. तुह्या उस्तादले सांगजो, धुरपतानं तारीख देली हाये.

०

नागपूर
१ एप्रिल २०२५

आजीस जयभीम.

गाडी तयार झाली. परवा मी स्वतः चालवत आणतो.

तू ओढली नाही म्हणालीस, म्हणून मी धरून चाललो की तेल हळूहळू गळत गेले आणि कमी तेलावर गाडी चालली. त्या हिशोबाने काम केले. सगळे खोलून टेबलावर मांडले. एका ठोकलेल्या गाडीतून दातेरी चाकांचा संच काढला, बुश आणि रबराच्या कड्या नव्या टाकल्या. तेलाच्या वाटा असलेली एक ताटली असते, त्यात नाल्या आणि नाल्यांत ज्वारीच्या दाण्याएवढ्या लोखंडी गोळ्या. एक गोळी इकडची तिकडे झाली तर गाडी तिसरा गिअर विसरते. त्या मी तीनदा मोजल्या. नव्या चकत्या बसवण्याआधी दिवसभर तेलात भिजत घातल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळतात. तू धानाच्या पऱ्ह्याचे बी भिजत घालतेस, त्याची आठवण झाली.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक बंद डबा असतो, दोन पराती तोंडाला तोंड लावून वेल्डिंग केल्यासारखा. त्याला आम्ही टॉर्क म्हणतो. तो तेलाने धुवून घेतला. बसवताना तीनदा 'टक' आवाज येतो, तेव्हा तो नीट बसला असे समजायचे. तिन्ही टक आले.

उस्तादांचे म्हणणे काही बाबतीत वेगळे होते. ते भेटीत सांगेन.

मामाला सांग, पहिले पाचशे किलोमीटर सावकाश. आणि पुढे कधी बंद पडली तर पुढची चाके उचलूनच न्यायची.

संघपाल

०

आसगाव
२२ एप्रिल २०२५

तीन टक आले मनतेस. तिन्ही टक त्या पवनीच्या रस्त्यावर निघाले.

तू गाडी आणली तेव्हा विनोद उठला, हे तूच आपल्या डोळ्यानं पाहिलं. खाटेखालून पाय काढला, पट्टा बांधला, आंघोळ केली. दहा दिवस तो जेवला. रीना शेवया करत होती त मनाले लागला, जास्त कर. मी कोणाले बोलली नाही, पण मी त्या दहा दिवसांत त्याच्या बापाच्या फोटोले दोनदा फुलं वाह्यले. आनंदराव जिवंत होता तेव्हा कधी वाह्यले नव्हते.

चौदा तारखेले निघालो. मी पुढं, मांगं ललिताबाई, गोदावरीबाई आन सत्यभामाबाई, पांढरे लुगडे नेसून. गाव सोडून मैलभर गेलो नसन. मले त आवाज येत नाही, पण बुडाखाली थरथर समजते. विनोदचा चेहरा पाहिला. त्याले माह्या आधी समजलं होतं. इंजिनचा काटा वर जाये आन गाडी मागं राहे. मंग गाडी थांबली.

म्हाताऱ्या उतरल्या, उन्हात बाभळीखाली बसल्या. मांगून यादोरावचा ट्रॅक्टर आला. त्याचं शेत आपल्या बांदीले लागून हाये, माणूस वाईट नाही, आपला शेजारधर्म करून राहिला होता. त्यानं दोर काढला.

विनोद ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन रस्त्यावर बसला. भर उन्हात डांबरावर. लोक जमले. मी मनलं, ऊठ, मिरवणुकीचा वकत होऊन राहिला. त्यानं पट्टा सोडला, नकली पाय काढला आन यादोरावच्या बोनेटवर ठेवला. काय बोलला ते मले ऐकू नाही आलं. लोक हासले. मांगून सत्यभामाबाईनं माह्या तळहातावर बोटानं लिहून सांगितलं. तो मनला होता, "हाही बांधा दोराले."

मंग त्यानं नागपुरातून चाकं उचलणारी गाडी बोलावली, तिच्यात बसला आन गेला. चार म्हाताऱ्या पायी वापस आल्या. पाय त्यानं सोबत नेला का नाही, मले दिसलं नाही.

पाचशे किलोमीटर मनत होतास, दोनशे नाही झाले. तुह्या हातात कसब नाही. असतं त हे झालं नसतं. तुह्या उस्तादले त काय मनाव. मामा तुह्यापाशीच असन, त्याले जेवायले घालजो.

०

नागपूर
२ मे २०२५

आजी,

मामा इथेच आहेत. पाय आहे, डिक्कीत.

या वेळी मी लपवाछपवी करत नाही, तूही करू नको.

गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. महिनाभराच्या नव्या चकत्या कोळसा झाल्या होत्या. मग उस्तादांनी तो टॉर्कचा बंद डबा लेथवर धरून कापला. आतून जे निघाले ते मी कागदावर घेऊन मामासमोर ठेवले. बारीक सोनेरी कीस, हळदीसारखा. तो बुशांचा कीस होता, गाडी कोरडी ओढली गेली तेव्हा घासून निघालेला. भंडाऱ्याला डायनामो बदलून इंजिन सुरू केले तेव्हा पंपाने तोच कीस सगळीकडे फिरवला आणि डब्यात साठवला. मी डबा वरून धुतला. आतला कीस तसाच राहिला आणि नव्या चकत्यांत उतरला.

उस्तादांनी मार्चमध्येच सांगितले होते, "डिब्बा काट, संघपाल. हूक देख, ये गाडी खिंची हुई है." कापून पुन्हा जोडायला, तोल बघायला दहा-बारा दिवस जास्त लागले असते. तुझी तारीख होती, आणि तुझा शब्द होता की ओढली नाही. मी डोळ्याने हूक पाहिला आणि तुझे ऐकले. अर्धी चूक माझी. ती मी मामासमोर कबूल केली.

 जयंतीच्या दिवशी दोर काढणारे यादोरावच, म्हणून मग त्यांना फोन केला. ते म्हणाले, "जानेवारीत मीच त ओढली, आसगावपासून भंडाऱ्यापर्यंत. माहे धान राईस मिलले चालले होते. बुढी ट्रॉलीवर बसली होती, विनोद गाडीत स्टेअरिंगवर." त्यांनी लपवले नाही, कारण त्यांना यात लपवण्यासारखे काही आहे हेच माहीत नव्हते.

आता ऐक. जुना गिअरबॉक्स गेला. बेअरिंग बसते ते घरच ढिले झाले आहे, त्याला इलाज नाही. उस्तादांनी ठोकलेल्या गाडीचा एक पुरा गिअरबॉक्स शोधून आणला आहे. चांगला आहे, मी खोलून पाहिला, या वेळी डबाही कापून पाहिला. चार दिवसांत बसेल. पण मामा बसवू देत नाहीत. एकदाच बोलले. म्हणाले, "कायले बसवतेस? पुन्हा दोर लावतीन."

गाडी शेडच्या मागे विटांवर उभी आहे, पोट रिकामे. मामा दिवसभर तिच्यात स्टेअरिंगवर बसून असतात. उजवा पाय ब्रेकवर. चहा नेला तर खिडकीतून घेतात. मामी येऊन रडून गेली, तरी ते उतरले नाहीत. उस्ताद म्हणतात, असा माणूस त्यांनी एकदा पाहिला होता. पुढे काय झाले विचारले तर ते हात पुसत आत गेले.

मला भीती वाटते, आजी. मशीन खोलून पाहता येते.

तू त्या दिवशी काय केलेस ते लिही. मला नाही, त्यांना.

संघपाल

०

आसगाव
८ मे २०२५

हा कागद संघपालनं विनोदले वाचून दाखवावा. गाडीच्या खिडकीशी उभं राहून, मोठ्यानं. मधात थांबू नये आन आपल्या मनचं काही जोडू नये.

विनोद,

ओढाले मीच लावली. यादोराव धान घेऊन भंडाऱ्याले जाऊनच राहिला होता, मले वाटलं फुकटात काम होते. तू मनला होतास, पुढचे चाकं उचलून नेणारी गाडी बोलवू, ही दोरानं ओढत नाही. मी चार माणसाइपुढं मनलं, नवरी हाये का मेण्यातून न्यायले. ते हासले. तू दोर बांधू देला आन जाऊन स्टेअरिंगवर बसलास.

हे साऱ्याइले मालूम हाये. आता जे कोणाले मालूम नाही ते लिहून राहिली.

मी ट्रॉलीवर धानाच्या पोत्यावर बसली होती, तोंड मांगं करून. तू मले समोरच दिसत होतास. अड्याळ येवाच्या आधी तू खिडकीतून हात काढला. थांबवा मनून. पहिल्यांदा मले वाटलं, ओळखीचं कोणी दिसलं असन. दुसऱ्यांदा मले समजलं. तिसऱ्यांदा तू हात काढूनच ठेवला, लय वेळ. तुहं तोंडही हालत होतं. माहे कान गेले, डोळे गेले नव्हते. यादोराव माह्या पाठीशी होता. पोत्यावर हात आपटला असता त त्यानं मांगं पाहिलं असतं. नाही आपटला.

काहून नाही आपटला, हे मी तीन महिने सोताले इचारून राहिली. थांबलो असतो त तुहं खरं झालं असतं आन माहं खोटं, चार माणसं हासले होते त्याइच्यापुढं. आनंदराव गेल्यावर या घरात माहा शब्द कधी खाली पडला नव्हता. तेवढ्यासाठी. दुसरं काही नाही.

मंग तू हात आत घेतला. भंडाऱ्यापर्यंत पुन्हा काढला नाही. तुले त आत ते मशीन रडताना ऐकू येत असन. मले काहीच ऐकू येत नव्हतं.

वापस आल्यावर मी लोकाइले सांगितलं, विनोदनं नास केला. एका पायाचा ड्रायवर मनलं. तू खाटेवर होतास, ऐकून राहिला होतास. मले वाटे, आता बोलन. तू बोलला असतास त मी कबूल झाली असती. नाही, हेही खोटं हाये. मी तुलेच खोटं पाडलं असतं. संघपालले मी टेम्पो लिहिला, तोही एवढ्याच साठी.

काल यादोराव आला. त्याले मी सारं सांगितलं, तो माहाच हात धरून मनला, मालूम असतं त दोर काढलाच नसता. ललिताबाईले, गोदावरीबाईले, सत्यभामाबाईले घरी जाऊन सांगून आली. ललिताबाईनं चहा केला नाही. ठीक केलं तिनं.

माफी मांगाले मले येत नाही, कधी मांगितली नाही, आता शिकून काय होणार. रडत नाही, तू समजू नको का रडून राहिली. तुही खाट मी आंगनातून उचलून ढोराच्या कोठ्यात टाकली. ती रिकामी पाहवत नाही, आन भरलेली त मुळीच पाहवणार नाही. एवढंच.

संघपालनं नवा गिअरबॉक्स बसवावा का नाही, हे मी सांगणार नाही. माहं सांगणं संपलं. तू सांगशील ते होईन, आन तू काहीच नाही सांगितलं त गाडी विटांवर राहीन, तूही तिच्यात राहशील, आन मी इथं मरन. माहं वय झालंच हाये. तुहं नाही झालं.

आता शेवटचं. संघपालनं या कागदाचं उत्तर लिहू नये. त्याचं उत्तर आलं त मी फोडणार नाही, तसंच चुलीत घालन. रीनानंही लिहू नये. तिले रडू येते आन अक्षर पसरते. उत्तर विनोदनं द्यावं. काही लिहाचं नसन त कोरं कार्ड टाकावं, पण पत्ता त्याच्या हातचा पाहिजे. त्याचा आसगावातला 'स' मले ओळखू येते, तो उलटा काढते, पाटीवर मीच शिकवला होता. पोस्टमन शनिवारी येते. मी दारात बसून राहीन.

धुरपता